सातपुड्यात दवाखान्याची वाट

सोमवार, नंदुरबार

सुरतेकडची गाडी अमळनेर सोडते आणि नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत नंदुरबारला येते. दिवाळीला अजून वेळ होता. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि नंदुरबारजवळ पथाऱ्यांवर लाल मिरची पसरायला लागली होती. स्टेशनात उतरताच पहिला ठसका लागला.

माझी भाची धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मी जन्मभर नर्सिंग केलं, तेही शहरातल्या वॉर्डात. ती फोनवर म्हणायची, "मावशी, पेशंट वॉर्डात आला की तुझं काम सुरू व्हायचं. वॉर्डात येईपर्यंत त्याचं काय काय होतं ते एकदा येऊन बघ." निवृत्तीनंतर वेळ होता. म्हणून हा प्रवास.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत इथे साडेसोळा लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यांत जवळजवळ 70 टक्के आदिवासी. त्याआधी अक्कलकुवा-धडगावकडच्या माणसाला सरकारी कामासाठी आणि मोठ्या आजारासाठी थेट धुळं गाठावं लागे. आता नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा फरक छोटा नाही. आमच्या उमेदवारीच्या काळात या भागातली अडलेली बाई धुळ्यापर्यंत जिवंत पोचली तरी आम्ही देवाचे आभार मानायचो.

जुन्या ओळखीच्या एका सिस्टरांबरोबर संध्याकाळी पोषण पुनर्वसन केंद्र पाहिलं. अतिकुपोषित बाळाला आईसह साधारण 14 दिवस ठेवतात, दर दोन तासांनी मोजून दूध देतात, जंतुसंसर्गावर औषध चालतं आणि आईला बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे मिळतात. एका खाटेवर दीड वर्षाची मुलगी होती. तिच्या पायावर सिस्टरांनी अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, भरून यायला बराच वेळ लागला. अंगावर सूज असलेलं हे बाळ वजनाला फसवं असतं. काटा बरा आकडा दाखवतो आणि आई म्हणते, माझं लेकरू गुटगुटीत झालं.

सिस्टरांना विचारलं, सगळ्यात अवघड काय जातं? मला वाटलं, बेड किंवा औषधं म्हणतील. त्या म्हणाल्या, "चौदा दिवस आईला थांबवणं. घरी अजून दोन लेकरं असतात, भगर कापायला आलेली असते. पाचव्या-सहाव्या दिवशी नवरा येतो आणि म्हणतो, चल."

हे वाक्य पुढे सगळीकडे वेगवेगळ्या तोंडून ऐकलं.

मंगळवार, मोलगी

सकाळच्या एसटीने अक्कलकुवा, तिथून काळीपिवळीने मोलगी. अक्कलकुव्यापर्यंत ऊस, केळी, पपई, सपाट रस्ता. मग देवगोईचा घाट सुरू होतो आणि अर्ध्या तासात मुलूखच बदलतो. उतारावर मक्याची धाटं उभी होती, भगर पिवळी पडली होती, आणि डोंगराच्या सोंडेवर एकेक घर. गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती, हे इथे विसरायचं. एका गावाचे सात-आठ पाडे असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला दरी उतरून चढावी लागते.

सरकारी नियमाप्रमाणे सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला 30,000 मागे, इथे 20,000 मागे. कागदावर ही सवलत दिसते. पण या डोंगरात 3,000 लोक किती दऱ्यांमध्ये विखुरलेले आहेत ते घाट चढल्यावरच कळतं. ज्या सिस्टरच्या वाट्याला असं उपकेंद्र येतं, तिने एका दिवशी तीन पाडे केले तर खूप झाले.

मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे. बाहेरच्या ओट्यावर एक म्हातारेबाबा पाठीला गाठोडं टेकवून बसले होते. सुनेला दाखल केलं होतं. त्यांचं मराठी मला समजत होतं, माझी अहिराणी त्यांना हसवत होती. ते पहाटे निघाले होते. सुनेला बांबूला बांधलेल्या झोळीतून चौघांनी खाली रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून एकशे आठची गाडी मिळाली. वर्तमानपत्रवाले त्या झोळीला 'बांबूलन्स' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. बाबा नुसतं झोळी म्हणाले.

झोळी पाहिली मी, तिथेच भिंतीला टेकवून ठेवली होती. हिरवा बांबू, मनगटाहून जाड, दोन्ही टोकांना खांद्याने घासून गुळगुळीत झालेला. त्याला जाड गोधडी दोन ठिकाणी पक्की गाठ मारून लटकवलेली. गोधडीचा खोलगट भाग ओला होता. वॉर्डात मी पेशंट स्ट्रेचरवरून घेत आले, तिच्याखालचा कपडा बदलत आले. त्या ओल्या गोधडीकडे पाहताना मला पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलं, की डोक्याकडचा माणूस उतारावर पाय घसरू नये म्हणून कसा तिरका चालत असेल.

एकशे आठची सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि ती चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. पण गाडी रस्त्यावर चालते. पाड्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर माणसांच्या खांद्यांवर आहे, आणि चार खांदे मिळायला पाड्यात चार धडधाकट पुरुष असावे लागतात. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात.

बुधवार, नर्मदेचा काठ

भाची मंगळवारी रात्री मोलगीला येऊन भेटली. भरारी पथकाच्या, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकाच्या डॉक्टरांबरोबर आम्हाला नर्मदेकडच्या गावांना जायला मिळालं. जीप काही अंतर गेली, पुढे पायी.

सरदार सरोवराचं पाणी पाहिलं की काही वेळ बोलवत नाही. धरणाची उंची 138.68 मीटर. 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव तालुक्याचंच दुसरं नाव) मिळून महाराष्ट्रातली 33 गावं या पाण्याच्या तडाख्यात आली. मणिबेली, चिमलखेडी, बामणी, डनेल ही नावं आंदोलनाच्या काळात आम्ही पेपरात वाचायचो. आता तिथे उरलेले लोक डोंगराच्या वरच्या अंगाला राहतात, आणि पूर्वी जिथे पायवाट होती तिथे खोल पाणी आहे. म्हणून दवाखानाही पाण्यावरून जातो. तरंगत्या दवाखान्याच्या बोटीत डॉक्टर, सिस्टर, औषधाची खोकी, लसीचा डबा आणि बोट चालवणारे दादा.

मला त्या दादांबद्दलच जास्त लिहावंसं वाटतं. कोणत्या काठावर कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, हे त्यांना तोंडपाठ. एका वळणावर त्यांनी इंजिन मंद केलं आणि वर पाहून हाळी दिली. थोड्या वेळाने एक बाई लेकराला कडेवर घेऊन खाली उतरताना दिसली. दादा डॉक्टरांना म्हणाले, "हिचं तिसरं इंजेक्शन राहिलंय पोराचं. मागच्या वेळी ताप होता म्हणून दिलं नव्हतं." सिस्टरांनी वही उघडली. तसंच होतं.

पाणी भरलेलं असतं तेव्हा बोट वस्तीच्या जवळ जाते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर गुडघ्याएवढा गाळ उघडा पडतो, आणि आजारी माणसाला त्या गाळातून बोटीपर्यंत न्यायचं हे पावसाळ्यापेक्षा अवघड. साप चावला तर? भाचीने सांगितलं, मण्यार रात्री घरात झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून सकाळपर्यंत कोणाला पत्ताच नसतो. आणि सकाळी पापण्या मिटायला लागतात. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती ठेवलेली असते. मधलं पाणी आणि मधली रात्र तेवढी ओलांडायची असते.

तिसऱ्या थांब्यावर अंगणवाडीच्या ओसरीत दंडघेर मोजायचं काम झालं. पट्टी तीन रंगांची असते. डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर गुंडाळायची, घट्ट नाही, सैल नाही. 12.5 सेंटिमीटरच्या वर हिरवा, 11.5 पर्यंत पिवळा, खाली लाल. एका मुलाचा दंड पट्टीच्या खिडकीत लाल दिसला. अंगणवाडीताईंनी पट्टी काढली, मुलाला हात सैल सोडायला लावला, पुन्हा मोजलं. लालच. मग त्यांनी काही न बोलता त्याच्या हातावर एक उकडलेलं अंडं ठेवलं आणि नाव लिहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वजनाने कमी भरली होती. तो आकडा मला आधीपासून ठाऊक होता. ती पट्टी मात्र इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

गुरुवार, धडगावकडे

मोलगी ते धडगाव रस्ता वळणावळणाचा. मला गाडी लागते, त्यामुळे निसर्गाबद्दल काही लिहिण्याजोगं नाही.

भाचीच्या उपकेंद्राच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय. दोन खोल्या, ओसरी, सोलरचा दिवा, औषधांचं कपाट. ओसरीत आश्रमशाळेतली मुलं रांगेत बसली होती, सिकलसेलच्या तपासणीसाठी. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि काही मिनिटं थांबायचं. नळीच्या मागे छापील रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर मूल सुटलं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची पक्की तपासणी. त्या रांगेतल्या एका मुलीच्या नळीमागच्या रेघा हळूहळू पुसत गेल्या. भाचीने तिला विचारलं, "थंडीत सांधे दुखतात का गं?" मुलीने मान हलवली. शाळेत सगळे तिला आळशी म्हणत.

सिकलसेल हा रक्तातला वारशाने येणारा दोष. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता 25 टक्के. तहान, थंडी, ताप, अतिश्रम यांनी रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि हाडं फोडून काढावीत तशी कळ उठते. हायड्रॉक्सीयुरियाची रोजची गोळी, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, एवढ्यावर पुष्कळ आयुष्यं सरळ होतात. केंद्राने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि 2047 चं उद्दिष्ट ठेवलं. भिल्ल आणि पावरा घरांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. तपासणी वाढली याचा आनंद आहे. पण गोळी रोजची आहे, आणि घर दिवाळीनंतर सहा महिने उसाच्या फडावर असतं. भाची निघणाऱ्या प्रत्येक घराला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून देते आणि कागदावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव लिहून देते, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल. हे कोणी तिला सांगितलेलं नाही. प्रत्येक उपकेंद्राला हे सांगितलं गेलं पाहिजे.

शुक्रवार, वरचा पाडा

हा दिवस मी सावकाश लिहिते.

पाड्याचं नाव लिहीत नाही. सकाळी भाची, आशाताई आणि मी निघालो. आशाताई म्हणजे तिथल्या आशा कार्यकर्त्या, पावरा समाजाच्या, त्याच भागात वाढलेल्या. वाटेत उंचवट्यावर एक मोहाचं झाड लागलं, तिथेच मोबाइलला रेंज येते. आशाताईंनी तिथे थांबून चार फोन केले, एकीची तारीख दुसरीला सांगितली, आणि मगच पुढे निघाल्या.

आम्ही ज्या घरी गेलो तिथली सून आठव्या महिन्यात होती. दुसरं बाळंतपण. ती अंगणात भगर झोडत होती. भाचीने तिला बसवलं, पाच मिनिटं बोलत राहिली आणि मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. 150 वर 100. दुसऱ्या हाताला, तेच. पायावर सूज. लघवीची पट्टी बुडवली, रंग बदलला. डोकं दुखतं का? दुखतं. डोळ्यांपुढे काजवे? कधीकधी. मी वॉर्डात अशा बायका झटके आल्यावर पाहिल्या आहेत, दातांत जीभ आलेली, आणि डॉक्टर मॅग्नेशियमच्या इंजेक्शनसाठी शीर शोधताहेत. इथे ती अंगणात बसून हसत होती.

तिला त्याच दिवशी न्यायला हवं होतं. सासूबाई जात्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी प्रश्न विचारले. आशाताई ते पावरीतून मराठीत आणत होत्या. हिच्या सोबत कोण राहणार? थोरल्या पोराला कोण बघणार? धडगावहून नंदुरबारला पाठवलं तर? तिथे सोबतच्या माणसाने खायचं काय, झोपायचं कुठे? आणि शेवटी, दोनदा: गाडी न्यायला येते, परत आणून सोडते का? तीन वर्षांपूर्वी त्यांची जाऊ दूरच्या एका दवाखान्यातून ओल्या बाळंतपणात एसटीने आली होती, आणि फाट्यापासून लेकरू छातीशी धरून चालत वर.

मला शहरात शिकवलं होतं की या बाया अंधश्रद्धेमुळे दवाखान्यात येत नाहीत. भगताकडे जाणं इथेही आहे, या घरीही दाराला काहीतरी बांधलेलं होतं. पण त्या म्हातारीचा एकही प्रश्न देवाचा नव्हता. सगळे हिशेबाचे होते आणि प्रत्येकाला सरकारी कागदावर उत्तर होतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे: बाळंतपण फुकट, सिझेरियन फुकट, रक्त फुकट, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं आणि घरी परत सोडणं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. माहेरघर योजनेत दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन आरोग्य केंद्राजवळ राहू शकते, लहान मूल आणि एक माणूस सोबत आणून. उत्तरं आहेत. ती म्हातारीपर्यंत कोणी नेलेली नव्हती, आणि एकदा मोडलेला शब्द तिच्या लक्षात होता.

भाचीने भाषण दिलं नाही. ती मोहाच्या झाडापाशी परत गेली, तालुक्याच्या गाडीवाल्या दादांना फोन लावला आणि त्यांचं नाव, नंबर आशाताईंच्या वहीत लिहून घेतला. परत येऊन म्हणाली, "आजी, न्यायला जे दादा येतील तेच आणायलाही येतील. नाही आले तर मी स्वतः घेऊन येईन." थोरल्याला आशाताईंनी आपल्या घरी ठेवून घ्यायचं कबूल केलं. मग सासूबाई उठल्या, आत जाऊन एका फडक्यात भगर, मीठ-मिरची बांधून घेतली आणि स्वतःच सोबत निघाल्या.

झोळी लागली नाही. ती चालत उतरली, मध्ये दोनदा बसली. मी तिच्या मागे, हात पुढे धरून. गाडी फाट्यावर उभी होती.

जिल्ह्याच्या बैठकांत रिकाम्या जागा मोजतात. मोजायलाच हव्यात, धडगावसारख्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे तिघं एकाच वेळी हजर असतील तरच सिझेरियन होतं, आणि एक जरी नसला तरी रेफर. पण माझं म्हणणं असं आहे की परत सोडलेल्या बायकाही मोजाव्यात. किती जणी घरून नेल्या आणि किती जणी घराच्या जवळात जवळ आणून सोडल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. सोबतच्या माणसाला ताटभर जेवण द्यावं. आशाताईंना उशिरा आणि तुकड्या-तुकड्याने मिळणारे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत, कारण त्या दिवशी त्या घरात शब्द चालला तो त्यांचा.

शनिवार, चांदसैली घाट आणि तळोदा

धडगावहून तळोद्याला चांदसैली घाटाने उतरलो. अस्तंब्याचं शिखर धुक्यात होतं. धनत्रयोदशीला यात्रेकरू निघतील. घाटात जागोजाग दरड कोसळल्याच्या खुणा, ताजी लाल माती. 2021 च्या सप्टेंबरात याच घाटात दरडीने रस्ता अडला होता आणि एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला होता. ती वाटेतच गेली. जीप त्या वळणांवरून गेली तेव्हा गाडीतलं कोणी बोललं नाही, फक्त चालकाने एका जागेकडे हनुवटीने खूण केली.

तळोद्यात पुन्हा ऊस, केळी आणि मोठमोठ्या पाट्यांचे खासगी दवाखाने. दुपारी नंदुरबारला त्या सुनेला भेटून आले. धडगावहून तिला रात्रीच इकडे पाठवलं होतं. इंजेक्शन सुरू होतं, रक्तदाब थोडा उतरला होता. सासूबाई खाटेखाली चटईवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी फडक्यातली भगर दाखवली, अजून अर्धी शिल्लक होती.

पुढच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. सिझेरियन झालं, मुलगा, वजन 1 किलो 900 ग्रॅम, नवजात कक्षात ठेवलाय. दिवाळीच्या दोन दिवस आधी गाडीवाल्या दादांनी तिघांना फाट्यावर आणून सोडलं. तिथून वर पाड्यापर्यंत दिरांनी तिला झोळीतून नेलं, बाळ आशाताईंकडे. त्याच पाड्यातल्या अजून एका घराने माहेरघराची तारीख विचारली आहे. भाची म्हणाली, तिने आधी गाडीवाल्या दादांचा नंबर मागितला.